विंडोज बदलताना दुकान बंद पडू नये म्हणून

गेल्या काही काळात लोणावळा, कामशेत, वडगाव आणि तळेगाव भागातील आमच्या अनेक व्यापारी बांधवांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला आहे. सकाळी दुकान उघडून कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर सूचना येते, ‘विंडोज १०’ची मुदत संपली आहे. आता काय करायचे? शेजारचा दुकानदार म्हणतो, काही होत नाही, चालू द्या. कॉम्प्युटर विकणारा म्हणतो, नवीनच घ्या. आणि दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणतो, “शेठ, दोन तासांचं काम आहे, विंडोज ११ टाकून देतो.” या तिन्ही उत्तरांत थोडे खरे आहे, पण तिन्ही अर्धवट आहेत. त्यातल्या तिसऱ्यामुळे आमच्या माहितीतल्या एका चांगल्या चालत्या छापखान्याचे अकरा दिवस वाया गेले. ती हकीकत पुढे सांगतोच. आधी मुदतीचा प्रकार समजून घेऊ.

कॉम्प्युटरच्या अंगात जी मूळ व्यवस्था असते, जिच्यावर टॅली, इनपेज, कोरल ड्रॉ आदी सर्व कार्यक्रम चालतात, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बहुतेक दुकानांत ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. ही कंपनी प्रत्येक आवृत्तीला काही वर्षे डागडुजी पुरवते आणि मग थांबते. विंडोज एक्सपी २००१ साली आली, तिची डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि २०१५ साली आलेल्या विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मुदत संपली म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो, बिले निघतात, हिशेब होतो. फक्त त्यात नवे भगदाड सापडले तर ते बुजवायला कंपनीकडून कोणी येत नाही. दुकानाचे शटर जागेवर आहे, पण कुलूप बनवणाऱ्याने त्या जातीची कुलुपे दुरुस्त करणे सोडून दिले, असा हा प्रकार आहे.

घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वाढीव मुदत जाहीर केली. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती विनामूल्य, नाहीतर एकदाच ३० डॉलर. कंपन्या-कारखान्यांसाठी वेगळा भाव ठरला, पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, असे जास्तीत जास्त तीन वर्षे. म्हणजे ही उसनी मुदत आहे. उसन्या मुदतीत माणसाने तयारी करायची असते, हे आपल्या बाजारात कोणाला सांगायला नको.

आता छापखान्याची गोष्ट. लोणावळ्याच्या बाजारात आमच्या एका परिचितांचा छापखाना आहे. वडिलांच्या वेळी ट्रेडल मशीन आणि शिशाचे खिळे होते, पुढे ऑफसेट आली, मग कॉम्प्युटर. काम तीन प्रकारचे. हॉटेल आणि बंगलेवाल्यांची बिलबुके, चिक्कीच्या खोक्यांची लेबले आणि लग्नपत्रिका. पत्रिका मराठीत आणि उर्दूत, दोन्ही. मराठीसाठी अक्षरांचे एक जुने सॉफ्टवेअर, उर्दूसाठी इनपेजची जुनी आवृत्ती. पंधरा-सोळा वर्षांचे सगळे मॅटर त्या एकाच यंत्रात साठलेले. गिऱ्हाईक येऊन म्हणते, “थोरल्या मुलीच्या वेळची पत्रिका होती तशीच करा,” आणि हे पाच मिनिटांत ती काढून देतात. या धंद्यातली त्यांची खरी पुंजी ती.

दुरुस्तीवाल्याने दुपारी काम सुरू केले. जुनी विंडोज ३२ बिटची होती आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळते, त्यामुळे एकीवर दुसरी चढवता येत नाही, सगळे पुसून नव्याने टाकावे लागते. यंत्रही जुने होते, म्हणून त्याने आतला बोर्ड आणि प्रोसेसर बदलला, नवी एसएसडी बसवली. ‘डी’ ड्राइव्हमधले सगळे नीट उचलून नव्यात ठेवले. कामात तो मुलगा वाईट नव्हता. पण डेस्कटॉपवर काय आहे आणि फॉन्ट कुठे आहेत, हे त्याने विचारले नाही आणि यांनीही सांगितले नाही. संध्याकाळी यंत्र झकास सुरू झाले. पूर्वी चार मिनिटे लागत, आता अर्ध्या मिनिटात चालू. पैसे देऊन झाले. इशाच्या नमाजनंतर एका पत्रिकेची फाईल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. मागच्या बाजूला लावलेले सॉफ्टवेअरचे ‘लॉक’ यंत्र ओळखेना. आणि कार्बनच्या तीन प्रतीत बिले काढणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडायला नव्या बोर्डवर जागाच नव्हती.

तेव्हा हातात दोन पत्रिकांचे काम होते. एकीचे निकाह पुढच्या जुम्म्याला. आमचे परिचित मजकूर कागदावर लिहून लोकलने पुण्याला गेले, दुसऱ्याच्या छापखान्यात बसून तो पुन्हा जुळवून घेतला आणि पत्रिका वेळेवर दिल्या. त्या कामात पदरचे पैसे गेले. ते म्हणाले, “पैसे गेले ते सोडा. त्या बाईंनी नवऱ्यामुलाचं नाव तीनदा तपासलं. एवढ्या वर्षांत असं कधी कोणी तपासलं नव्हतं.”

हे का झाले, हे प्रत्येकाने समजून घ्यावे, कारण असली अडचण केवळ छापखान्यापुरती नाही.

पहिले कारण अक्षरांचे. १९८० आणि ९० च्या दशकात कॉम्प्युटरवर मराठी आणण्याचे मोठे काम पुण्यातच झाले. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने आणि श्रीलिपी बनवणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकने छापखान्यांना मराठी अक्षरे दिली. पण त्या काळात कॉम्प्युटरला भारतीय लिप्या कळत नव्हत्या. म्हणून इंग्रजी अक्षराच्या खोलीत मराठी अक्षराला भाडेकरू म्हणून बसवले गेले. फाईलमध्ये असते इंग्रजी खूण, फॉन्ट तिला मराठी कपडे घालतो. फॉन्ट गेला की कपडे गेले. युनिकोडमध्ये मात्र मराठी अक्षराला स्वतःचे घर आहे आणि विंडोज २००० पासून ते घर विंडोजमध्ये आहे. इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांचेही असेच, त्यांचा नस्तालीक मजकूर त्यांच्याखेरीज दुसरीकडे नीट उघडत नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात, पण बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात. आपली नावे तर विशेषच. ‘अब्दुर्रहमान’ आणि ‘शम्सुद्दीन’ या नावांवर यंत्र हमखास अडखळते.

दुसरे कारण लॉकचे. महाग सॉफ्टवेअरची नक्कल होऊ नये म्हणून बोटाएवढा एक डबा देत, तो लावल्याशिवाय कार्यक्रम चालत नसे. त्या डब्याला ओळखण्यासाठी विंडोजच्या आत एक छोटा कार्यक्रम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजमध्ये काही केल्या चढत नाही. बनवणाऱ्याने नवा ड्रायव्हर काढला असेल तर ठीक, नाहीतर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती विकत घेणे आले. हाच नियम प्रिंटर, स्कॅनर, बारकोडचे यंत्र, काट्याला जोडलेली तार आणि डिजिटल सहीचे टोकन यांना लागू आहे. चिक्कीच्या पाकिटावर बॅच, तारीख आणि १४ आकडी अन्न परवाना क्रमांक उमटवणारा लेबल प्रिंटर शनिवारी सकाळी बंद पडला, तर पर्यटकांच्या गर्दीत त्या दुकानाचे काय होईल, ते सांगायला नको. डॉसच्या काळात कोणा मित्राकडून बनवून घेतलेले उधारीचे कार्यक्रम अजून काही दुकानांत चालतात. ते १६ बिटचे असल्यामुळे ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालतच नाहीत.

हिशेबाचे त्यामानाने बरे. टॅलीचा जुना डेटा नव्या आवृत्तीत घेता येतो. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या टॅली प्राइममध्येही ती सोय दिलेली आहे. पण एकदा नव्या आवृत्तीत बदललेला डेटा जुनीत परत उघडत नाही, म्हणून बदलण्यापूर्वीची प्रत वेगळी ठेवावी. जीएसटी कायद्याप्रमाणे वह्या आणि नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात. नोटीस आली आणि जुने वर्ष उघडेना, तर कॉम्प्युटर बदलला होता हे उत्तर तेथे चालत नाही. आणि आपल्याला तर त्याआधीचे एक बंधन आहे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत, जी कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. कोणाची उधारी आपल्याकडे किती, आपली कोणाकडे किती, जकातीच्या दिवशी माल किती होता, हे आज त्या डब्यात लिहिलेले असते.

मग काही जण म्हणतात, एवढी कटकट असेल तर जुनेच चालू द्यावे. आमचे म्हणणे असे की, यंत्र इंटरनेटला जोडलेले नसेल तर खुशाल चालू द्या. जोडलेले असेल तर मात्र ते धोक्याचे. याचे उदाहरण आपल्या घाटाखालीच घडले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्याचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये झाला, टॅलीसारखेच तिथल्या व्यापाऱ्यांचे सॉफ्टवेअर. मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर त्यात कोलमडले आणि तिच्या गटाकडे असलेले न्हावाशेवा येथील कंटेनर टर्मिनल ठप्प झाले. हा व्हायरस विंडोजच्या ज्या भगदाडातून शिरत होता, त्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टने साडेतीन महिने आधी, १४ मार्चला देऊन ठेवली होती. पसरायच्या इतरही वाटा त्याच्याकडे होत्या, त्यामुळे डागडुजी केलेली यंत्रेही काही ठिकाणी गेली. पण दार सताड उघडे राहिले होते ते न केलेल्यांचे.

या प्रकरणातला एक तपशील आम्हाला फार आवडतो. मर्स्कच्या सगळ्या जाळ्याचा नकाशा ज्या यंत्रांत होता, ती जगभरची यंत्रे पुसली गेली. वाचले फक्त घाना देशातल्या कार्यालयातले एक, कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि ते जाळ्यापासून तुटले होते. त्या एका यंत्रावरून कंपनीने पुन्हा उभारणी केली. आपल्या लोणावळ्यात पावसाळ्यात वीज जाते तेव्हा आम्ही सर्वच वैतागतो. पण तारेपासून तोडलेल्या एका प्रतीची किंमत काय असते, ते या घटनेवरून कळावे. आज हजार-दोन हजार रुपयांत पेन ड्राइव्ह मिळतो, मोठे काम असेल तर थोडे अधिक पैसे घालून बाहेरची हार्ड डिस्क मिळते. दोन घ्याव्यात, एक दुकानात आणि एक घरी, आणि प्रत घेऊन झाली की तार काढून ठेवावी. कायम जोडून ठेवलेली प्रत व्हायरस मूळ फाईलबरोबरच खातो.

बँकांनाही हे शिकायला वेळ लागला. एक्सपीची मुदत २०१४ साली संपली, तरी देशातील अनेक एटीएम तिच्यावरच चालू होती. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून, जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम चालू मुदतीच्या व्यवस्थेवर आणा, असे सांगावे लागले. बँकांची ही तऱ्हा, तर आपल्या दुकानदाराला दोष कोण देणार?

विंडोज ११ टाकायचेच ठरले तर यंत्र त्या योग्यतेचे आहे का, हे आधी पाहावे. ती २०२१ च्या ऑक्टोबरात आली आणि तिच्या अटी आधीच्या आवृत्त्यांपेक्षा कडक आहेत. रॅम निदान ४ जीबी, साठवण ६४ जीबी, आणि टीपीएम २.० नावाचे सुरक्षेचे साधन. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, म्हणजे ढोबळमानाने २०१७-१८ नंतरचे यंत्र. (४ जीबीवर ती सुरू होते एवढेच, दुकानात चालवायची तर ८ जीबी घ्यावी, असे आमचे मत.) पुष्कळ यंत्रांत टीपीएम असते पण बंद ठेवलेले असते, ते बायोसमधून चालू करता येते. त्यामुळे ‘तुमचे यंत्र चालणार नाही’ असा निकाल पडद्यावर आला म्हणून लगेच नवे घ्यायला धावू नये. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा छोटा कार्यक्रम नेमके काय कमी पडते ते सांगतो. अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्याही दुरुस्तीवाल्यांकडे आहेत. धंद्याच्या यंत्रावर त्या करू नयेत, कारण अशा यंत्राला पुढची डागडुजी मिळेल याची हमी कंपनी देत नाही.

एक नवी भानगड विंडोज ११ मध्ये आहे, तिच्याकडे आमच्या बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. बसवताना ती मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. २०२४ च्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या बऱ्याच यंत्रांत, असे खाते दिले की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चोराने डिस्क नेली तरी त्याला काही वाचता येऊ नये, हा उद्देश चांगला आहे. पण पुढे बोर्ड बदलला, बायोसमध्ये काही फेरफार झाला, की यंत्र ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती किल्ली असते ज्याचे खाते दिले त्याच्या खात्यात. घाईत दुरुस्तीवाला स्वतःचे किंवा तिथल्या तिथे बनवलेले ईमेल टाकून मोकळा होतो. तो मुलगा उद्या नोकरीला दुबईला गेला की आपल्या दुकानाच्या तिजोरीची किल्ली त्याच्याबरोबर गेली. म्हणून खाते आपल्या ईमेलचे, आपल्या मोबाईल नंबरचे असावे, आणि ते ४८ आकडे कागदावर उतरवून घरी ठेवावेत.

परवान्याबद्दल थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विंडोज फुकटची, म्हणजे चोरीची, असते. कुलूप तोडणाऱ्या त्या ‘क्रॅक’ कार्यक्रमांतूनच पुष्कळदा व्हायरस येतो, हा झाला व्यवहार. आणि दुसरी बाजू अशी की, डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क हे शरीअतने मान्य केलेले हक्क आहेत आणि त्यांचे उल्लंघन जायज नाही, असा ठराव केला. परवाना परवडत नसेल तर लिनक्स ही विनामूल्य व्यवस्था आहे. भारत सरकारच्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाने तिची एक आवृत्ती काढली आणि केरळच्या शाळांत वर्षानुवर्षे अशाच मुक्त व्यवस्थेवर शिकवले जाते. जुन्या यंत्रावर ती चांगली पळते. मात्र टॅली, कोरल ड्रॉ आणि इनपेज तिच्यावर सरळ चालत नाहीत, हे सांगितल्याशिवाय कोणाला तिच्या वाटेला लावणे बरोबर नाही. बिल आणि पत्रव्यवहारापुरते काम असेल त्याने जरूर पाहावी.

दिवस कोणता निवडावा, हेही महत्त्वाचे. मासिक विवरण भरणाऱ्यांचे जीएसटीआर-१ अकरा तारखेला आणि ३बी वीस तारखेला असते, म्हणून काम एकविसाव्या तारखेनंतर काढावे. मार्चअखेर नको, रमजानचे शेवटचे दहा दिवस नकोत, आणि लोणावळ्यात शनिवार-रविवार तर नकोच, सोमवार-मंगळवार बरा. पावसाळाही टाळावा. ज्या गावात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे जुलैत विजेचा भरवसा धरून डिस्क पुसायला घेणे धाडसाचे. काम अर्ध्यावर असताना वीज गेली तर कधी कधी नवेही नाही आणि जुनेही नाही अशी गत होते. बॅटरी चांगली असलेला यूपीएस नसेल तर मागून एक दिवसापुरता आणावा. विंडोज १० वरून सरळ ११ चढवली असेल तर दहा दिवसांपर्यंत मागे फिरता येते. त्या दहा दिवसांत दुकानातला प्रत्येक प्रिंटर, प्रत्येक लॉक, प्रत्येक जुनी फाईल एकदा चालवून पाहावी. पुसून नव्याने टाकली असेल तर मागे फिरणे नाही, तेव्हा जुनी डिस्क न पुसता काढून ठेवावी आणि नवी डिस्क विकत घेऊन तिच्यावर काम करावे.

आमच्या छापखानेवाल्यांना त्यानेच वाचवले. दुरुस्तीवाल्याने काढलेली जुनी हार्ड डिस्क, जुना बोर्ड आणि रिकामा डबा यांनी भंगारात द्यायला म्हणून माळ्यावर टाकला होता. अकराव्या दिवशी तळेगावहून एक जाणकार आला. त्याने जुना बोर्ड आणि जुनी डिस्क पुन्हा त्या डब्यात बसवली, लॉक लावले, डॉट मॅट्रिक्स जोडला आणि इंटरनेटची तार तेवढी कापून टाकली. सगळे मॅटर जसेच्या तसे होते. आता त्यांच्याकडे दोन यंत्रे आहेत. जुने कोपऱ्यात, जगापासून तुटलेले, जुन्या पत्रिका आणि कार्बनच्या बिलांसाठी. नवे पुढच्या टेबलावर, ईमेल, जीएसटी आणि नव्या कामासाठी, ते सगळे युनिकोडमध्ये. एकातून दुसऱ्यात फक्त छापायला तयार पीडीएफ पेन ड्राइव्हवर जाते, आणि तीही तपासून.

धाकटा मुलगा रोज इशानंतर तासभर बसून जुन्या फाईली युनिकोडमध्ये आणतो आहे. आधी हॉटेलांची बिलबुके घेतली, मग गेल्या तीन वर्षांच्या पत्रिका, आता त्याआधीच्या चालू आहेत. तो बदलतो, वडील चष्मा लावून रफार तपासतात. ४८ आकड्यांचा कागद दुकानाच्या भाडेपावत्यांबरोबर घरच्या कपाटात आहे.